फूटप्रिंट कॅल्क्युलेटर : पृथ्वीचा हिशेब आहे, पाण्याचा नाही

इंटरनेटवर विनामूल्य मिळणाऱ्या सेवेचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. पैसे गेलेले नसतात, म्हणून तक्रारही नसते. ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क या संस्थेच्या फूटप्रिंट कॅल्क्युलेटरबद्दल मात्र सविस्तर लिहावेसे वाटले. शाळांच्या प्रकल्पवह्यांत, पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे निकाल अलीकडे फिरताना दिसतात आणि रक्ततपासणीचा अहवाल वाचावा तितक्या विश्वासाने ते वाचले जातात. थोड्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि जगातली सगळी माणसे आपल्यासारखी राहू लागली तर किती पृथ्व्या लागतील हे जाणून घ्यायचे, असे या सेवेचे स्वरूप आहे. माझे मत आधीच नोंदवते. आपण किती खर्चतो हे दाखवण्याचे काम हे साधन बऱ्यापैकी करते. परंतु आपल्या भागात निसर्गाची मर्यादा नेमकी कुठे आडवी येते, याचा त्याला पत्ताच नाही, आणि दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या माणसाने त्याचा निकाल वाचताना हे विसरून चालणार नाही.

यामागची कल्पना १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनेगल यांनी मांडली. पुढे २००३ मध्ये ही संस्था स्थापन झाली. हिशेबाची रीत अशी, की माणूस जे खातो, वापरतो, बांधतो त्यासाठी किती शेतजमीन, कुरण, जंगल, मासेमारीचे क्षेत्र आणि बांधकामाखालची जमीन लागते ते काढायचे, कोळसा आणि पेट्रोल जाळून निघालेला कार्बन शोषून घेण्यासाठी किती जंगल लागले असते तेही त्यात मिळवायचे, आणि ही सगळी बेरीज, म्हणजे त्या माणसाचा फूटप्रिंट, जगातील सरासरी उत्पादकतेच्या हेक्टरमध्ये, म्हणजे ग्लोबल हेक्टरमध्ये, मांडायची. पृथ्वीची एकूण क्षमता या मापाने सुमारे १२०० कोटी ग्लोबल हेक्टर भरते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर पोहोचली, म्हणजे माणशी वाटा दीड ग्लोबल हेक्टरच्या आसपास येतो. प्रत्यक्षातला सरासरी वापर मात्र अडीचच्या वर आहे. उत्पन्न आणि खर्च यांतल्या या तफावतीवरून ही संस्था दरवर्षी एक तारीख जाहीर करते, जिच्यानंतर वर्षाचे उरलेले दिवस मुद्दल मोडून काढावे लागतात. २०१९ मध्ये ती तारीख २९ जुलै होती, २०२५ मध्ये २४ जुलै. मधल्या २०२० साली, विमाने जमिनीवर, कारखाने बंद आणि रस्ते ओस असतानाही, ती जेमतेम साडेतीन आठवडे पुढे सरकून २२ ऑगस्टला आली. लोकांनी घरात बसून राहण्याने एवढाच फरक पडतो, ही त्या वर्षाने दिलेली माहिती मला कॅल्क्युलेटरच्या कोणत्याही निकालापेक्षा जास्त बोलकी वाटते.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळते. सुरुवातीला देश निवडावा लागतो आणि त्या देशाच्या सरासरीवर पुढचा हिशेब बसवला जातो. पहिला प्रश्न आहाराचा आहे : मांस, मासे, अंडी आणि दुग्धजन्य पदार्थ तुम्ही किती वेळा खाता? आपल्याकडचा शाकाहारी माणूस इथे आत्मविश्वासाने ‘कधीच नाही’कडे पट्टी सरकवतो आणि सकाळचा चहा, जेवणातले दही, वरणावरचे तूप आणि श्रावणातले उपासाचे पेढे विसरतो. अधिक तपशील देण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी, कारण तिथे बीफ आणि लँब एका खान्यात, डुकराचे मांस, कोंबडी, मासे आणि अंडी-दूध वेगवेगळ्या खान्यांत असे विभाजन आहे. पण तिथेही डोंगरपडीवर चरून वाढलेल्या बोकडाचे मटण आणि धान्य चारून पोसलेल्या जनावराचे मांस यांच्यात भेद करता येत नाही. हा दोष मी फार ताणणार नाही. जगभरासाठी एकच प्रश्नावली केली की असे होणारच.

खरी अडचण पुढच्या प्रश्नात आहे. तुमच्या अन्नापैकी किती अन्न प्रक्रिया न केलेले, वेष्टन नसलेले किंवा स्थानिक पातळीवर पिकवलेले असते, असे एका दमात विचारले जाते. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच पट्टीवर मोजल्याने काय होते ते पाहण्यासाठी आपल्या किराणा यादीतले दोन जिन्नस घेऊ. मंगळवेढ्याकडची रब्बीची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाने काळ्या जमिनीत धरलेल्या ओलीवर येते. तिला बहुतेक वेळा वरून पाणी द्यावे लागत नाही, आणि कडबा जनावरांना होतो तो वेगळाच. दुसरीकडे वाण्याकडची पोत्यातून मोजून दिलेली साखर शंभर-दीडशे किलोमीटरच्या आतल्या कारखान्यातून आलेली असते, तिला छापील पुडाही नसतो, म्हणून या प्रश्नात दोन्ही जिन्नस जवळजवळ सारखेच गुण मिळवतात. महाराष्ट्रात एक किलो साखर तयार होईपर्यंत सुमारे दोन हजार लिटर पाणी खर्ची पडते, असा कृषिमूल्य आयोगाचा हिशेब आहे. उत्तर प्रदेशात त्याच्या निम्मे लागते. राज्यातील लागवडीच्या पाच टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून कितीतरी मोठा वाटा घेतो, ही गोष्ट आता विधिमंडळापासून एसटीच्या थांब्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. कॅल्क्युलेटरला मात्र ती ठाऊक नाही, कारण पाणी हा त्याच्या हिशेबातला जमाखर्चाचा विषयच नाही. संपूर्ण प्रश्नावलीत पाण्याचा उल्लेख एकदाच येतो, तोही घराच्या प्रकारात : स्वतंत्र घर, नळाचे पाणी असलेले की नसलेले. नळाला पाणी किती तास येते, ते कुठून येते आणि टँकरवर किती खर्च होतो, हे विचारण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

घराविषयीचे बाकीचे प्रश्न चांगले आहेत. भिंती कशाच्या, या प्रश्नात विटा आणि काँक्रीट यांच्याबरोबर माती, लाकूड आणि बांबू हे पर्याय दिलेले आहेत. मराठवाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाला आपले जुने घर या यादीत सापडेल आणि ते किती कमी ओझ्याचे होते तेही कळेल. विजेच्या प्रश्नात अक्षय ऊर्जेचा वाटा किती ते विचारतात, जे वीजबिल वाचून सामान्य ग्राहकाला सांगता येत नाही. छतावर सौर पॅनेल असतील तर ठीक, नाही तर अंदाजपंचे उत्तर द्यावे लागते आणि निकालावर त्याचा परिणाम चांगलाच होतो.

सर्वांत विचार करायला लावणारा प्रश्न वरवर अगदी साधा आहे : घरात किती माणसे राहतात? हा आकडा वाढवला की प्रत्येकाचा फूटप्रिंट कमी होतो, कारण तेच छप्पर, तोच फ्रिज आणि तोच गॅस अधिक जणांत वाटला जातो. लोकसंख्या आणि उपभोग यांच्या नात्याबद्दल जी चर्चा इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने १७९८ साली सुरू केली आणि जी अजून संपलेली नाही, तिच्यातली एक गोम इथे हाताला लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला आहे, म्हणजे लोकसंख्या पुढे स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या खाली. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांची नोकरी आणि प्रतिष्ठा दोन्ही पणाला लागली होती. शंभर वर्षांच्या आत त्यांचा मुद्दा कोणी न भांडता मान्य झाला. पण माणसे वाढण्याचा वेग मंदावला म्हणून घरे वाढण्याचा मंदावलेला नाही. जिथे एका वाड्यात चार बिऱ्हाडे होती तिथे आता चार फ्लॅट आहेत, त्यांतल्या दोन फ्लॅटमध्ये साठी ओलांडलेली जोडपी तीन-तीन खोल्या झाडत बसली आहेत आणि मुलांनी बंगळूरला किंवा टेक्ससमध्ये चौथे-पाचवे घर थाटले आहे. ‘लोकसंख्या हेच सगळ्याचे मूळ’ असे ठासून सांगणाऱ्या माझ्या परिचितांनी हा प्रश्न निदान एकदा दोन वेगवेगळे आकडे घालून भरावा. आमच्या घरापुरता सांगते, चारऐवजी दोन लिहिल्यावर निकाल डोळ्यांत भरण्याइतका वर गेला.

प्रवासाच्या भागात मोटार आणि दुचाकी एकाच प्रश्नात आहेत, तेव्हा गाडीचे मायलेज नीट भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकाच वाहनातून किती वेळा एकत्र प्रवास करता, असेही विचारले आहे. दहाच्या जीपमध्ये सोळा माणसे बसवणाऱ्या वडापाची किंवा ट्रिपल सीटची कल्पना प्रश्न तयार करणाऱ्याला असती तर पट्टी आणखी लांब ठेवावी लागली असती. एसटीने फिरणाऱ्याला इथे भरपूर फायदा मिळतो आणि तो योग्यच आहे. शेवटी वर्षभरात विमानात किती तास घालवता हा प्रश्न येतो. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा पुणेकर पालकांचा सगळा साधेपणा या एका पट्टीवर कोसळतो. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन तिसाहून अधिक तास होतात, आणि त्यातून माणशी होणारे उत्सर्जन भारतातल्या सरासरी माणसाच्या वर्षभराच्या उत्सर्जनाच्या, म्हणजे साधारण दोन टनांच्या, जवळपास जाते. कापडी पिशवी, घरचे खत आणि बादलीची आंघोळ यांनी वर्षभर जे वाचवले ते नातवाच्या मुंजीला जाऊन येण्यात संपते. हे कळल्यावर कोणी नातवंडांना भेटायचे सोडणार नाही, आणि सोडावे असे माझे म्हणणेही नाही. पण मग निदान कामवाल्या बाईंच्या घरात पाच माणसे आहेत म्हणून देशावर भार पडतो, असे चहा पिताना बोलू नये.

कचऱ्याचा प्रश्न मात्र मला निकामी वाटला. शेजाऱ्यांच्या तुलनेत तुम्ही किती कचरा करता, एवढेच विचारले आहे. कोथरूडमधला माणूस आणि वेल्ह्यातल्या वाडीवरचा माणूस, दोघेही ‘शेजाऱ्याइतकाच’ असे प्रामाणिकपणे सांगतील. रद्दीवाला आणि भंगारवाला यांच्याकडे जाणारा माल कचरा धरायचा की नाही, हेही स्पष्ट नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथल्या डेपोवर गेला आणि तिथल्या लोकांच्या विहिरी बिघडल्या. शहराची मर्यादा शहरात न दिसता दुसऱ्याच्या शिवारात दिसते, याचे इतके जवळचे उदाहरण असताना ‘शेजारी’ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न उरतोच.

निकालाचे पान देखणे आहे. किती पृथ्व्या, तुमची वैयक्तिक तारीख कोणती, कोणत्या प्रकारची जमीन किती लागते आणि खर्च आहारावर जास्त की घरावर, हे एका नजरेत कळते. माझा आकडा दोन पृथ्व्यांच्या थोडा अलीकडे थांबला. तीच उत्तरे ठेवून देश अमेरिका केला तर निकाल फुगतो, कारण रस्ते, रुग्णालये, लष्कर, सरकारी इमारती यांचा राष्ट्रीय वाटा प्रत्येकाच्या नावावर पडतो आणि तो कोणत्याही एकट्या माणसाला काटकसरीने कमी करता येत नाही. हा हिशेब प्रामाणिक आहे आणि संस्थेने तो लपवलेला नाही, याचे मला कौतुक वाटते. वैयक्तिक कार्बनचा हिशेब लोकप्रिय करण्यात २००० च्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियमसारख्या तेलकंपनीचाही हात होता, हे आठवले की अशा साधनांकडे थोडे तिरकस बघणे साहजिक आहे. या कॅल्क्युलेटरने निदान व्यवस्थेचा वाटा माणसाच्या सवयींत दडपून टाकलेला नाही.

निकालाच्या आसपास भारताची सरासरीही वाचायला मिळते आणि ती वाचताना घाई करू नये. भारतातल्या माणसाचा सरासरी फूटप्रिंट एक ग्लोबल हेक्टरच्या थोडा वर आहे, अमेरिकेत तो सातच्या पुढे आहे. आपण पृथ्वीच्या सरासरी वाट्याच्या आत आहोत, म्हणून आपले बरे चालले आहे, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. परंतु भारताच्या स्वतःच्या जमिनीची क्षमता माणशी ०.४ ग्लोबल हेक्टरच्या आसपासच आहे. म्हणजे जगाच्या मानाने आपण कमी खर्चिक आणि स्वतःच्या घराच्या मानाने दुपटीहून अधिक खर्चिक, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. लोकसंख्येचा प्रश्न आणि उपभोगाचा प्रश्न एकमेकांचे पर्याय म्हणून मांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बोलायला लावले पाहिजे.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. फूटप्रिंटच्या जागतिक बेरजेत सुमारे साठ टक्के वाटा एकट्या कार्बनचा आहे. तो काढून टाकला तर मानवजात पृथ्वीच्या क्षमतेच्या आतच आहे असे चित्र दिसते. २०१३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी याच मुद्द्यावर या पद्धतीची कडक चिकित्सा केली होती. त्यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. शेतजमिनीच्या बाबतीत, जेवढे पीक प्रत्यक्ष निघाले तेवढीच त्या जमिनीची क्षमता होती असे हा हिशेब मानतो. त्यामुळे शेतजमीन ‘अतिवापरात’ गेली असे त्यातून कधीच दिसू शकत नाही. उलट एखाद्या तालुक्यात हजार बोअर मारून, युरियाची पोती ओतून, दोन पिकांच्या जागी तीन पिके घेतली, तर क्षमता वाढली अशी नोंद होते. पाणी पाचशे फुटांवर गेले, मातीतला सेंद्रिय कर्ब घटला, क्षार वर आले, यातले काहीही उताऱ्यावर चढत नाही. निसर्गाचे मुद्दल मोडले जात असल्याचा इशारा देणाऱ्या साधनात मुद्दल मोडून मिळालेली रक्कम जमेच्या बाजूला लागावी, हा दोष किरकोळ नव्हे. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००९ पासून मांडलेली ग्रहीय मर्यादांची चौकट या बाबतीत अधिक सावध आहे. तिच्यात गोडे पाणी, नत्र-स्फुरद, जमिनीचा वापर आणि जैवविविधता यांसह नऊ वेगवेगळ्या मर्यादा आहेत, आणि २०२३ च्या मूल्यमापनात त्यांतल्या सहा ओलांडल्या गेल्याचे दिसले. पण ती चौकट घरबसल्या भरून बघता येत नाही, ही तिची अडचण.

आपल्या राज्याच्या सुमारे ऐंशी टक्के भूभागाखाली बेसाल्टचा काळा दगड आहे. या दगडात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरात, आणि तेही थोडेच. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखी शेकडो फूट जाडीची साठवण इथे नाही. त्यामुळे मर्यादा इथे फार लवकर आणि फार स्पष्ट दिसते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र कोळशाअभावी नव्हे तर पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडून, पाणी पोहोचवावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणी आणि पंचवीस लाख लिटर. लातूरच्या माणसाने त्या महिन्यात हा कॅल्क्युलेटर भरला असता तर त्याला एका पृथ्वीच्याही आतला निकाल आला असता, कारण त्याच्याकडे ना विमानाचे तास होते, ना मोठे घर, ना मोटार. त्याच जिल्ह्यात उसाचे गाळपही होत आले आहे, हे तर त्या पानावर येण्याचा प्रश्नच नव्हता.

पुण्याचे उदाहरण घेतले तरी हेच दिसेल. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरतात, आणि तो आकडा शहराला आलेल्या नव्या माणसांबरोबर वाढत नाही. शहर वाढले की वाद सुरू होतो तो कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, कारण त्याच पाण्यावर दौंड आणि इंदापूरच्या शेतीचे आवर्तन अवलंबून आहे. उपनगरातल्या टॉवरच्या गेटवर दिवसाला टँकरची रांग लागते, टँकर जिथून भरतो त्या विहिरीच्या शेजारचा शेतकरी मोटार लावतो तर पाणी ओढत नाही, आणि टॉवरमधला रहिवासी कॅल्क्युलेटरमध्ये घराचा प्रकार ‘बहुमजली इमारत’ निवडून कमी जमीन व्यापल्याचे श्रेय घेतो. त्याचे उत्तर चूक नाही. विचारणाराच अपुरे विचारतो.

या सेवेची तुलना दुसऱ्या कोणत्या संकेतस्थळाशी करावी असे मला वाटत नाही. तुलना करायची तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीच्या नियमांशी करावी. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हता, माणसांवर होता : दरडोई अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी, पण कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. म्हणजे पाच माणसांपर्यंत वाटा वाढणार, सहावे माणूस आले तरी पाणी वाढणार नाही. भूमिहीनालाही वाटा होता, आणि ऊस लावायला मनाई होती. लोकसंख्या, उपभोग आणि समता या तिन्ही गोष्टी एका नियमात बसवणारे इतके सुटसुटीत गणित मला अन्यत्र वाचायला मिळालेले नाही. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हीच दिशा पुढे नेली : पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही, केळी नाही. पाऊस कमी तर पेराही कमी. यात पृथ्व्या मोजलेल्या नाहीत. गावाला एकच शिवार आहे हे गृहीत धरून हिशेब सुरू होतो. अर्थात असे नियम पाळायला गावाची एकजूट आणि खमका पुढारी लागतो, आणि पाणी पंचायतीच्या पद्धतीचा कायद्यात सर्वदूर स्वीकार झाला नाही, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही.

मग हा कॅल्क्युलेटर वापरावा का? वापरावा, विशेषतः शहरी मध्यमवर्गाने आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी. भरायला दहा मिनिटेही लागत नाहीत. प्रश्नावली मराठीत नाही, म्हणून घरातल्या ज्येष्ठांसाठी कोणीतरी शेजारी बसून सांगावे लागते. एकेकट्याने न भरता सगळ्या घराने मिळून भरला तर घराच्या आकाराचा, विजेचा आणि विमानाचा प्रश्न यांवर जी वादावादी होते, तिच्यातच या सेवेचे सर्वांत मोठे मोल आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचा असेल तर उत्तरे तशीच ठेवून फक्त घरातली माणसे आणि नंतर फक्त देश बदलून निकाल कसा हलतो ते लिहायला सांगावे. तयार निकाल चिकटवण्यापेक्षा त्यातून शिकायला अधिक मिळेल. ‘किती पृथ्व्या’ हा आकडा दोघांत तुलना करण्यापुरता घ्यावा, नेमके माप म्हणून घेऊ नये, आणि गावच्या किंवा सोसायटीच्या पाण्याबाबतचा कोणताही निर्णय त्यावर उभा करू नये.

पाच ताऱ्यांपैकी मी तीन देईन. दोन कापले आहेत ते पाण्यासाठी. पुढच्या आवृत्तीत निदान भारत निवडणाऱ्याला पाणी धरणाचे की बोअरचे, बोअर असेल तर किती फुटांवर, टँकर वर्षातून किती महिने आणि महिन्याला घरात साखर किती किलो, एवढे चार प्रश्न विचारले तर चौथा तारा देण्याची तयारी आहे. तोवर ही माहिती आपल्याच हाताने जमवावी लागेल. ग्रामीण भागात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, आणि सोसायटीत टँकरची बिले सचिवांच्या फायलीत लावलेली असतात. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी ती मागून घ्यावीत.